टाळ्या मोजल्या, गोळ्या मोजायच्या राहिल्या!

आठ मार्च जवळ आला की आमच्या महिला मंडळात एकच लगबग सुरू होते. हॉल ठरवायचा, डॉक्टरीणबाईंना आमंत्रण द्यायचं, बॅनर छापायचा, चहा-नाश्त्याचं बघायचं. आमचा विषयही ठरलेला, स्त्रिया आणि ॲनिमिया. आधी भाषण, मग पाककृती स्पर्धा, प्रश्नमंजूषा, एचबी तपासणी आणि शेवटी आरोग्य केंद्रातून आलेल्या लोहाच्या गोळ्यांचं वाटप. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसह बातमी! अहवालात मी दरवर्षी स्वतःच्या हाताने लिहायचे, 'महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. १२० महिलांनी लाभ घेतला.'

लाभ घेतला, हे मी कशावरून लिहीत होते? मला कुणी कधी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

विचारायची वेळ आली ती आमच्याच बचत गटातल्या एका वहिनींमुळे. या वहिनी प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत. 'लोह कशातून मिळतं?' असा प्रश्न आला की यांचा हात सगळ्यांत आधी वर. एका वर्षी प्रश्नमंजूषेचं बक्षीसही त्यांनाच मिळालं होतं. त्याच वहिनी दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात चक्कर येऊन घरात पडल्या. दवाखान्यात नेलं तर एचबी साडेसहा! रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या.

मी भेटायला गेले. न राहवून विचारलं, "वहिनी, आपण दिलेल्या गोळ्या घेत होतात ना?"

त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? दोन-तीन दिवस घेतल्या. मळमळायला लागलं, शौचाला काळं व्हायला लागलं. म्हटलं, उष्ण पडल्या असतील. ठेवून दिल्या डब्यात." आणि मला वाईट वाटू नये म्हणून लगेच पुढे म्हणाल्या, "पण कार्यक्रम फार छान झाला होता हो तुमचा!"

त्या रात्री मला झोप लागली नाही. लोहाची गोळी चालू असताना शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. गोळीच्या आगेमागे तासभर चहा टाळावा आणि लिंबू किंवा आवळा घ्यावा, म्हणजे लोह अंगाला चांगलं लागतं. इतकं साधं, पण आम्ही व्यासपीठावरून ते कधी सांगितलंच नव्हतं. ॲनिमियाची लक्षणं आणि कारणं मात्र तासभर ऐकवली होती.

ही गोष्ट काही आमच्या एकट्या मंडळाची नाही. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देण्याचा सरकारी कार्यक्रम आपल्या देशात १९७० पासून आहे. २०१८ मध्ये 'ॲनिमियामुक्त भारत' ही मोहीम आली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण काय सांगतं? महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ॲनिमिया असणाऱ्या २०१५-१६ मध्ये शंभरात ४८ होत्या, त्या २०१९-२१ मध्ये ५४ झाल्या. सगळा दोष डब्यात राहिलेल्या गोळ्यांचा नाही. जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव, अपुरं जेवण ही कारणंही आहेतच. पण गोळ्या वाटल्या म्हणजे त्या पोटात गेल्या, असं धरून चालणं चूक आहे, एवढं मला कळलं.

मग काम झालं की नाही, हे ओळखायचं कसं? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. पण त्यांनी किती शिबिरं झाली, किती जणी शिकल्या, एवढंच मोजलं नाही. काम सुरू करण्याआधीपासून गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला. ३९ गावांत हे काम चाललं होतं आणि शेजारच्या ४७ गावांत ते नव्हतं, तिथलीही नोंद ठेवली. तुलना केली तेव्हा कळलं की तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला बघू लागल्या. आधीची नोंद होती, तुलना होती, म्हणून लोकांना ते पटलं.

आपण काही संशोधक नाही. पण वही-पेन तर आपल्याकडेही आहे! पुढच्या वर्षी आम्ही भाषण पंधरा मिनिटांवर आणलं. एचबी कमी निघालेल्या ६० जणींची नावं वहीत लिहिली, पुढे आकडा लिहिला. दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघी-तिघी आशाताईंबरोबर घरोघर गेलो. 'गोळ्या घेता का?' असं विचारलं की सगळ्याच 'हो' म्हणतात! म्हणून आम्ही म्हणायचो, "पाकीट दाखवा बघू." मग खरी कारणं बाहेर यायची. कुणाची सासू म्हणे, गोळ्यांनी बाळ काळं होतं. कुणी सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घेत होती. एकीने तर प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, सगळ्यांची जेवणं, भांडी उरकेपर्यंत लक्षातच राहत नाही." दोघींना पाळीत फारच अंगावर जात होतं. त्यांना आधी डॉक्टरांकडे नेलं.

तीन महिन्यांनी त्याच मशीनवर पुन्हा तपासणी केली. ४१ जणी आल्या, त्यांतल्या २९ जणींचं एचबी वाढलं होतं. मी आनंदाने अहवाल लिहायला घेतला, '४१ पैकी २९ जणींना फायदा.' आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी मला तिथेच थांबवलं. "ताई, न आलेल्या १९ जणींचं काय?"

आम्ही त्यांच्याही घरी गेलो. बहुतेकींनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. म्हणून तर त्या तपासणीला आल्या नव्हत्या! ज्यांनी गोळ्या घेतल्या त्याच आनंदाने आल्या आणि आम्ही त्यांचाच आकडा मिरवत होतो. मग मी खरं ते लिहिलं, '६० पैकी २९.' त्यातलं सगळंच श्रेय आमचं नाही, काहींनी मधल्या काळात दुसरीकडेही औषध घेतलं होतं, हेही लिहिलं. एका पदाधिकारी ताईंना ते आवडलं नाही. "कमीपणा येतो," म्हणाल्या. पण मैत्रिणींनो, त्या कमी आकड्यानेच पुढे कुणाच्या दारात जायचं ते आम्हाला दाखवलं. १२० च्या आकड्याने इतकी वर्षं काय दाखवलं होतं?

तुमच्या गावातही मंडळ असेल, बचत गट असेल, शिबिरं होत असतील. यंदा एवढं करून बघा. आधी काय होतं ते लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. न आलेल्यांच्या घरी नक्की जा. आणि 'कळलं का?' असं न विचारता 'अडतंय कुठे?' असं विचारा.

आमच्या त्या वहिनींचं एचबी आता साडेअकरा आहे. रात्री जेवणं उरकली की त्या दारात उभ्या राहून गल्लीतल्या चौघींना हाक मारतात, "गोळी घेतली का गं?" आमच्या कुठल्याही भाषणापेक्षा ही हाक जास्त कामाची आहे, हे मी आता वहीत बघून सांगू शकते.