जोड्यावरचा कर आणि पार्सलावरचे नाव

पेण तालुक्यातील जोहे हे गाव गणेशमूर्तींसाठी ओळखले जाते. हमरापूर, जोहे, तांबडशेत या पट्ट्यात वर्षभर कारखान्यांतून मूर्ती घडतात आणि त्या मुंबई-पुण्याबरोबर परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांच्या घरापर्यंत पोहोचतात. शेजारच्या उरण तालुक्यात न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेव्हा या गावाला परदेश नवा नाही. मात्र आजवर गावातून माल बाहेर जात असे. येथे विचार करावयाचा आहे तो उलट्या दिशेने येणाऱ्या मालाचा, म्हणजे परदेशातून मागविलेल्या एका बुटाच्या जोडाचा.

समजा, बौद्धवाडीतला एक तरुण आहे. दिवसा तो मूर्तीच्या कारखान्यात काम करतो आणि पहाटे पोलीस भरतीसाठी धावतो. सोळाशे मीटरची धाव ठरलेल्या वेळेत पुरी करायची तर पायात धड बूट हवा. त्याच्या रुंद पायाला बसणारा जोड येथील बाजारात मिळत नाही, परदेशातील एका दुकानाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो पैसे भरतो आणि वाट पाहतो. यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. विशेष दोन गोष्टींत आहे. या जोडावर सरकार कर घेणार आहे, आणि तो घेताना त्याचे नाव विचारणार आहे. आपल्या समाजात पायातील जोडा आणि माणसाचे नाव या दोन्ही गोष्टी कधीच साध्या नव्हत्या.

आधी कराचे पाहू. व्यक्तिगत वापरासाठी टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या वस्तूंसाठी सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९८०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे. त्याचा मूळ दर पस्तीस टक्के होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात तो वीस टक्क्यांवर आणला गेला आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात दहा टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. दर असे बदलत राहतात. म्हणून मागणी नोंदविण्याच्या दिवशीचा दर पाहावा. हिशोबाची रीत मात्र सारखीच राहते. पुष्कळांचा समज असा की कर बुटाच्या किमतीवर लागतो. तसे नाही. बुटाची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज करून मूल्य ठरते. त्या मूल्यावर सीमाशुल्क लागते. मग मूल्य अधिक सीमाशुल्क या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे करावर कर.

एक उदाहरण घेऊ. बूट चार हजारांचा, वाहतूक व विमा एक हजार. मूल्य झाले पाच हजार. हिशोबाच्या सोयीसाठी सीमाशुल्क दहा टक्के धरू. ते झाले पाचशे. आता साडेपाच हजारांवर दुसरा कर अठरा टक्के धरला तर तो नऊशे नव्वद. चार हजारांचा बूट घरी येईपर्यंत सहा हजार चारशे नव्वदला पडतो. शिवाय कुरिअर कंपनीने कर आपल्या खिशातून आगाऊ भरला असेल तर त्याचे वेगळे शुल्क ती लावते. हे गणित आधी मांडले नाही तर दारात आलेले पार्सल सोडवायला पैसे नसतात, आणि भरलेले चार हजारही अडकून पडतात.

यावर काही जण एक युक्ती सुचवितात. परदेशी असलेल्या नातेवाइकाला सांगायचे, ‘भेटवस्तू’ असे लिहून पाठव, नाहीतर किंमत कमी लिही. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला पूर्वी सूट होती, हे खरे. ती वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखीसारखे मोजके अपवाद तेवढे राहिले. आणि किंमत खोटी लिहिणे हा सीमाशुल्क अधिनियम १९६२ प्रमाणे माल जप्त होण्याचा आणि दंडाचा विषय आहे. सरकारी नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या मुलाने असल्या भानगडीत पडू नये.

पण कायद्याच्या भीतीपलीकडे आणखी एक प्रश्न आहे, आणि कार्यकर्त्यांनी तो टाळू नये. हा कर कशासाठी? २०२० च्या अर्थसंकल्पात पादत्राणांवरील सीमाशुल्क पंचवीसवरून पस्तीस टक्के केले, तेव्हा हातांना काम देणाऱ्या देशी लघुउद्योगांचे रक्षण हे कारण सरकारने दिले होते. या देशात जोडा कोण शिवतो? आग्र्याचा जाटव शिवतो, कोल्हापूरचा चर्मकार शिवतो. म्हणजे हा कर आपल्याच माणसांच्या नावाने घेतला जातो. तो चुकवायचा नाही हे तर ठरलेच. पण त्याने राखलेल्या बाजारातून शिवणाऱ्याच्या मजुरीत किती पडले, हे विचारायचे सोडायचेही नाही. बाबासाहेब राजस्वाचे अभ्यासक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. वस्तूवरचा कर घेणाऱ्याची ऐपत पाहत नाही. कारखानदाराचा मुलगा आणि त्याच कारखान्यातील रंगारी एकाच बुटावर तेच चौदाशे नव्वद रुपये भरतात. एकाचा तो अर्ध्या दिवसाचा खर्च, तर दुसऱ्याची कित्येक दिवसांची मजुरी. तेव्हा कर भरणे हे कर्तव्य आणि त्याचा हिशोब मागणे हा हक्क, अशी ही जोडी आहे.

आता नावाकडे वळू. परदेशी माल सोडविताना घेणाऱ्याची ओळख पटविणे कुरिअर कंपनीवर बंधनकारक आहे. सरकारच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे. खोट्या नावांवर माल येऊ लागला तर कर कोणाकडून घ्यायचा? टपालाने येणाऱ्या पार्सलाचा प्रकार थोडा निराळा. त्यावर सीएन २२ किंवा सीएन २३ हे घोषणापत्र असते. आत काय आहे, किती किमतीचे आहे, हे त्यात लिहिलेले असते आणि ते पेटीच्या बाहेरच्या अंगाला लावलेले असते. विदेश टपाल कार्यालयापासून गावच्या टपालघरापर्यंत ज्याच्या हाती ते पार्सल जाईल त्याला वाचता येते की अमुक आडनावाच्या, अमुक वाडीतल्या माणसाने इतक्या किमतीचे बूट मागविले आहेत.

शहरातल्या वाचकाला यात काही वाटणार नाही. गावात वाटते. ओळखपत्रावर जात छापलेली नसते. पण आडनाव आणि वाडी ही दोन अक्षरे पुरी होतात. नाक्यावर उभा राहून कुरिअरवाला नाव पुकारतो आणि चार माना वळतात. ‘यांना आता परदेशी बूट लागतात’ हे वाक्य कोणी उच्चारते, कोणी नुसत्या नजरेने म्हणते.

ही कल्पनेतली भीती नव्हे. गुजरातेत बहुचराजी येथे जून २०१८ मध्ये तेरा वर्षांच्या एका दलित मुलाला मोजडी घातली म्हणून मारहाण झाली. आणि कायदा काय सांगतो? अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास दलितांना अडथळा करणे हा गुन्हा आहे, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. स्वातंत्र्यानंतर अडुसष्ट वर्षांनी संसदेला बुटाचा उल्लेख कायद्यात करावा लागला. ज्या जिल्ह्यात १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्याच जिल्ह्यातील तरुणाने आपला बूट आपण घालावा की लपवावा, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सरकारला खरे सांगणे वेगळे आणि गावाला सगळे सांगणे वेगळे. करासाठी नाव देणे हे नागरिकाचे काम. ते नाव करापुरतेच वापरले जावे, ही अपेक्षाही नागरिकाचीच. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. घेतलेली माहिती कशासाठी घेतली हे सांगा आणि तेवढ्यासाठीच वापरा, हे त्याचे सूत्र आहे.

मग व्यवहारात काय करावे? ओळख म्हणून आधारच द्यावे लागते असे नाही. पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट हीही कागदपत्रे आहेत. आधारच द्यायचे झाले तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालते का, ते आधी विचारावे. प्रतीवर आडवे लिहावे : ‘अमुक पार्सलाच्या सीमाशुल्कासाठी, दिनांक अमुक’. कागद कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच द्यावा. अनोळखी क्रमांकावर फोटो धाडू नये. पार्सल दारात नको असेल तर तालुक्याच्या टपालघरातून किंवा कुरिअरच्या कचेरीतून स्वतः जाऊन आणण्याची सोय आहे का, ते पाहावे. आणि ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असा फोन आला तर घाबरू नये. अशा फोनांनी पुष्कळांना लुबाडले आहे. सीमाशुल्क खाते कोणाच्या खाजगी खात्यात कर मागत नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून त्याच्या पत्रांवर ओळख क्रमांक घालण्याची पद्धत सुरू झाली आणि तो क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

शेवटी या व्यवहाराची दुसरी बाजू. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल आपल्या प्रदर्शनात आणली, आणि ती कुठली याचा उल्लेख सुरुवातीला केला नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. येथून ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड काढण्याचे तिने जाहीर केले. किंमत जोडामागे सुमारे आठशे युरो.

या दोन जोडांना शेजारी ठेवून पाहा. परदेशी बूट घेणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्र सगळे वहीत चढते. कोल्हापुरी शिवणाऱ्याचे नाव मात्र पिढ्यान् पिढ्या कोणत्याच वहीत चढले नाही. मेलेले जनावर ओढायचे महाराने, कातडे कमवायचे ढोराने, जोडा शिवायचा चांभाराने. आणि कीर्ती मात्र गावाच्या नावाची. जोह्याच्या मूर्तीचेही तसेच. बंदरातल्या कागदावर पाठविणाऱ्याचे नाव असते, डोळे रेखणाऱ्याचे नसते.

आपले नाव जेथे मिरवायचे तेथे ते पुसले गेले आणि जेथे झाकायचे तेथे ते पुकारले गेले. म्हणून खाजगीपणाचा अर्थ आपण लपणे असा करू नये. नाव कोठे सांगायचे आणि कोठे नाही, हे ज्याचे नाव आहे त्याने ठरवायचे, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या तरुणाने कर पुरता भरावा, पावती जपून ठेवावी, कागद झाकून द्यावा. आणि पहाटे तो बूट घालून गावच्या मुख्य रस्त्यावरूनच धावावे.