अक्षरओळख ते शब्दकोश – भाग ६ : वर्णक्रम

अक्षर ओळखता येणे वेगळे आणि त्या अक्षराची वर्णमालेतली जागा ठाऊक असणे वेगळे. पहिले वाचायला लागते, दुसरे हजेरीपट, सूची आणि शब्दकोश पाहायला. वाचनाच्या सुरुवातीला क्रमाचा आग्रह धरला तर वाचन रखडते, कारण ‘क ख ग घ ङ’ एवढ्या अक्षरांत मुलाच्या ओळखीचे फारसे शब्द बसत नाहीत. उलट क, म आणि काना एवढ्यावर ‘काका’, ‘मामा’, ‘मका’, ‘काम’ वाचता येतात. म्हणून बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकात आणि डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला रुजवलेल्या वाचनपद्धतीतही अक्षरे गटागटाने येतात. वर्णक्रमाची पाळी येते ती मूल सलग वाचू लागल्यावर, साधारण दुसरी-तिसरीत.

मराठी वर्णक्रम घोकावा लागत नाही, तो तोंडात सापडतो. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग मूर्धेवर, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांवर उच्चारला जातो; म्हणजे पाचही वर्ग घशाकडून ओठांकडे येतात. मुलांना ‘क, ट, त, प’ सावकाश म्हणायला लावले की जीभ कुठे टेकते ते त्यांचे त्यांनाच कळते. च-वर्गासाठी मात्र ‘चिंच’मधला पहिला च घ्यावा, ‘चमचा’ नको. ‘चमचा’तला च दातांजवळचा आहे. प्रत्येक वर्गाच्या आतली रचनाही एकच असते. तोंडापुढे तळहात धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हटले, तर ‘ख’ला हवेचा झोत लागतो. गळ्यावर बोट ठेवून ‘ग’ म्हटले की कंप जाणवतो. ‘घ’ला कंप आणि झोत दोन्ही असतात, आणि पाचवे अक्षर नाकातले. एक वर्ग समजला की उरलेल्या चारांची मांडणी मूल स्वतःच सांगते. पुढची ‘य र ल व श ष स ह ळ’ ही नऊ अक्षरे मात्र पाठच करावी लागतात.

शासनाने २००९ साली ठरवलेल्या वर्णमालेत १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजने आणि क्ष व ज्ञ ही २ विशेष संयुक्त व्यंजने अशी एकूण ५२ अक्षरे आहेत. त्यात ‘ॲ’ची जागा ‘ए’नंतर, तर ‘ऑ’ची ‘ओ’नंतर आहे.

क्रम म्हणता येतो पण वापरता येत नाही, ही नेहमीची अडचण. ‘धच्या आधी काय?’ असे विचारले की अनेक मुले ‘क’पासून मोजत येतात. त्यासाठी क्रम मधूनच सुरू करणे, मागचे-पुढचे अक्षर सांगणे, विस्कटलेले अक्षरपत्ते लावणे असे खेळ रोज थोडा वेळ घ्यावेत.

यानंतर शब्द लावायचे. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या शाळेत त्यासाठी साहित्य शोधावे लागत नाही. एसटीच्या पाट्यांवरची गावे पुरतात. उमरगा, एकोंडी, औसा ही स्वरांची गावे आधी येतात. मग क-ची तीन गावे : कवठा, कासार सिरसी, किल्लारी. तिन्हींचे पहिले व्यंजन एकच, म्हणून निर्णय बाराखडी करते : क, का, कि. पुढे तळणी, नंतर निलंगा. लातूर आणि लामजना यांत ‘ला’ही सारखाच; तिथे दुसरे अक्षर पाहायचे, ‘त’ आधी आणि ‘म’ नंतर. लोहारा त्या दोघांच्या मागे. शेवटी सास्तूर. ‘पहिले अक्षर, मग त्याची बाराखडी, मग दुसरे अक्षर’ हा सगळा नियम एवढ्या गावांत येऊन जातो.

वर्गातल्या नावांवरून जोडाक्षरे शिकवावीत. पल्लवी, पूजा, पौर्णिमा, प्रिया असा क्रम लागतो, कारण ‘प’ची बाराखडी संपल्यावरच ‘प्र’ येतो. मुले ‘प्रिया’ला ‘पि’जवळ बसवू पाहतात, तेव्हा ‘प्रि’ फोडून प्, र्, इ असे दाखवावे.

दोन ठिकाणी मोठ्यांतही एकमत नाही. बाराखडीत ‘कं’ शेवटी म्हणतात, पण अनेक कोशांत अनुस्वाराचे शब्द आधी येतात. १९७६ च्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड ‘अंक’ या नोंदीने सुरू होतो. ‘क्ष’ वर्णमालेत शेवटी असला, तरी तो क् आणि ष यांचा जोड असल्याने काही कोशांत ‘क’च्या अखेरीस सापडतो. मुलांना एकच रीत घोकायला न लावता हातातल्या कोशाची रीत पाहायला शिकवावी.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून असल्याने मुलाला दोन क्रम सांभाळावे लागतात. इंग्रजी क्रमाला उच्चाराचा आधार नाही, स्वर व्यंजनांत विखुरलेले आहेत; तो पाठांतरानेच येतो. म्हणून दोन्ही क्रम एकाच तासात घेऊ नयेत. कन्नडची गोष्ट वेगळी : तिथेही वर्ग याच क्रमाने येतात, त्यामुळे सीमेकडच्या कन्नडभाषक घरातल्या मुलाला फक्त लिपी नवी असते.

क्रम आला की नाही हे तोंडी म्हणवून घेऊन कळत नाही. शब्दकोश मुलाच्या हाती देऊन ‘नांगर’ शोधायला सांगावे. ‘न’ अर्ध्याच्या आसपास असेल असा अंदाज बांधून मूल पाने उलटू लागले आणि ‘म’ दिसताच मागे वळले, तर क्रम आला असे समजावे.

पुढील भागात : जोडाक्षरांचे लेखन