ऑपरेशन गुडघ्याचं, मग मांडी का रुसते?

विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. आजही सांगली-साताऱ्याकडची कितीतरी माणसं उपचारांसाठी मिरजेची वाट धरतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या कॉटजवळ एक प्रश्न हमखास ऐकू येतो : टाके गुडघ्याला, मग पायच का उचलत नाही?

गुडघा सरळ करतो तो मांडीचा पुढचा स्नायू. ऑपरेशननंतर सांध्यात पाणी साचतं. तिथल्या नसा ही खबर मज्जारज्जूला देतात आणि मज्जारज्जू त्या स्नायूकडे जाणारा हुकूमच दाबून धरतो. विहिरीवरची मोटर ठणठणीत, पण स्टार्टर ट्रिप झालेला, तसंच हे. निरोगी गुडघ्यात नुसता 20-30 मिलिलिटर द्रव सोडला तरी या स्नायूचा आतल्या बाजूचा भाग मंदावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून सूज उतरवणं फार महत्त्वाचं.

इथे घरच्यांचा हात लागतो. मायेपोटी गुडघ्याखाली उशी सरकवली जाते. आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि तसाच आखडतो. डॉक्टरांची परवानगी असेल तर त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबायला सांगा आणि पाच आकडे मोजा. मांडीवर हात ठेवलात की स्नायू टणक होताना कळतो. ते पेशंटला मोठ्याने सांगा, त्याचा हुरूप वाढतो.

भेटायला येणाऱ्यांनीही शहाळं ठेवून लगेच निघू नये. वॉकरच्या एका फेरीला सोबत चालावं.

पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना गाठा.