पेटीबाहेरची आई

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाविषयी आपल्याकडे दोनच वाक्यं कानावर पडत आली : ‘सातमासं जगतं, आठमासं जगत नाही’ आणि ‘पेटीत ठेवलंय’. पहिलं साफ चूक. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांच्या आणि मेंदूच्या कामीच येतो. दुसरं खरं, पण त्यातून एक माणूस गळलेलं आहे. बाळ काचेच्या पेटीत, भोवती डॉक्टर आणि परिचारिका, आणि आई दाराबाहेरच्या बाकावर. जंतुसंसर्गाच्या धास्तीने विसाव्या शतकाचा बराच काळ रुग्णालयांनी तिला भेटायला आलेल्या पाहुण्यासारखं वागवलं. गेल्या साडेचार दशकांचा मागोवा घेताना मला हेच ठळक दिसतं, की यंत्रांनी जे केलं ते केलंच, पण साधनं तुटपुंजी असलेल्या ठिकाणी अपुऱ्या दिवसांची मुलं वाचू लागली ती आईला आत घेतल्यावर.

याची सुरुवात नाइलाजातून झाली. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत, एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभं बांधायला सुरुवात केली. तीच ‘कांगारू’ पद्धत. १९८९मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभारली. ज्या बाळाच्या आईला अजून दूध उतरलेलं नाही, त्यालाही बाईचंच दूध मिळू लागलं. पण खरी कसोटी लागली ती गडचिरोलीत, जिथे पेटीच नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली : ऊब कशी द्यायची, दूध कसं पाजायचं, श्वास अडला तर काय करायचं, प्रतिजैविकाचं इंजेक्शन कधी द्यायचं. आधी तिथे मुदतपूर्व जन्मलेल्या दर तीन बाळांपैकी एक दगावत असे. पुढे हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आलं. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या कामातून नवजात मृत्यूंमध्ये झालेली ६२ टक्के घट छापली, आणि २०११पासून ‘आशा’ ताई देशभर घरोघरी जाऊ लागल्या त्या याच धड्यावर.

यावर डॉक्टरमंडळींचा आक्षेप असे, की हे सगळं बाळ स्थिरावल्यानंतरचं. पहिल्या नाजूक तासांत त्याला आईकडे देणं म्हणजे जोखीम. आक्षेप वाजवी होता, म्हणून तो तपासला गेला. भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीत एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरलं आणि आईची खाट अतिदक्षता कक्षातच मांडली. मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका उघड दिसला, की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून व्हेंटिलेटर नको असं कोणी म्हणणार नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या फुप्फुसांना मायेने श्वास घेता येत नाही. पण यंत्र आणि आई यांतलं एक निवडा, हा पेचच खोटा होता.

मग १७ नोव्हेंबरच्या जागतिक मुदतपूर्व जन्म दिनाचं काय? इमारतींवर जांभळी रोषणाई होते, भाषणं होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं विझतं, ही टीका मला निम्मी पटते. आकडे तिच्याच बाजूने आहेत. २०१२च्या जागतिक अहवालाने वर्षाला दीड कोटी मुदतपूर्व जन्म मोजले; २०२० सालचा अंदाज १ कोटी ३४ लाखांचा, त्यांतले सुमारे ३० लाख भारतातले. नव्या पद्धतीने मोजल्यावर दिसलं, की दशकभरात जन्मांमधलं त्यांचं प्रमाण जवळपास हललेलंच नाही. मात्र ज्यांची मोजदादच होत नाही त्यांच्यासाठी कोणी निधी मागत नाही, आणि ही चळवळ युरोपातल्या पालकांच्या संघटनांनी उभी केली हे विसरून चालणार नाही. मला खटकतं ते वेगळंच. आपल्याकडची जागृती फार लवकर गर्भवतीला उपदेश करण्यावर घसरते. कित्येकदा कारण डॉक्टरांनाही सापडत नाही, तरी ‘तूच जपलं नाहीस’ हे बाळंतिणीने ऐकायचंच.

कांगारू पद्धतीवरचा सर्वांत टोकदार सवाल इथेच येतो : रुग्णालयाचा खर्च वाचवण्यासाठी बाईच्या छातीवर दिवसभराचं काम टाकलं, तिला मोबदला काय? याला माझ्याकडे प्रतिवाद नाही, कारण सवाल रास्त आहे. छातीशी बाप धरू शकतो, आजी धरू शकते. पण आईला खाट, जेवण आणि बुडालेली मजुरी व्यवस्थेनेच द्यायला हवी. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची रजा बाळ दोन महिने कक्षात राहिलं तरी तेवढीच, आणि शेतमजूर किंवा घरकामगार बाईला तीही नाही. ब्रिटनने एप्रिल २०२५पासून बाळ कक्षात असलेल्या नोकरदार आईबापांना १२ आठवड्यांपर्यंत जादा रजा दिली.

घरी सोडताना कुटुंबाच्या हाती औषधांची चिठ्ठी पडते, पुढची वाट दाखवणारं कोणी नसतं. तेव्हा एवढं तरी घरोघर पोचू द्या : ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासून घ्या, फारच लहान असेल तर त्याहीआधी. ती तारीख चुकून पडद्याचा विकार बळावला, तर उपचार असूनही गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही.