शेवटच्या खांबावरचं गणित

गणपतीत रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्याच्या डोंगरवाड्या भरून जातात. मुंबईचे चाकरमानी येतात, वर्षभर बंद असलेली घरं उघडतात आणि संध्याकाळी रोषणाई, पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप एकदम सुरू होतात. नेमकी तेव्हाच डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या घरांत ट्यूब लुकलुकते, पंखा रेंगाळतो. लाइट असते, पण जोर नसतो. हा जोर कुठे जातो, ते शाळेतल्या दोन सूत्रांनी शोधता येतं.

पहिलं सूत्र जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यांनी १८२७ मध्ये मांडलं: व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. दुसरं शक्तीचं: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.

समजा, वाडी डीपीपासून एक किलोमीटरवर आहे. खांबांवरच्या बारीक ॲल्युमिनियम तारेचा रोध किलोमीटरला साधारण १.४ ओहम असतो. फेज आणि न्यूट्रल मिळून झाले २.८. एरवी वाडी १० अँपिअर घेते, तेव्हा तारेत २८ व्होल्ट खर्च होतात आणि २३० पैकी २०२ घरी पोचतात. गणपतीत प्रवाह २० अँपिअर झाला की ५६ व्होल्ट वाटेतच जातात, उरतात १७४. भारतीय विद्युत नियम, १९५६ प्रमाणे घरगुती दाबात ६ टक्क्यांपर्यंतच फरक चालत असे, म्हणजे किमान २१६ व्होल्ट.

तारेत वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाबरोबर वाढते. १० अँपिअरला ती २८० वॅट, २० ला थेट १,१२० वॅट. घरातही दाबाच्या वर्गाचा फटका बसतो. पाणी तापवायच्या हजार वॅटच्या रॉडचा रोध ५२.९ ओहम, १७४ व्होल्टवर तो ५७२ वॅटच देतो. आंघोळीच्या पाण्याला पावणेदोनपट वेळ लागतो. नळपाणी योजनेच्या मोटरचं उलट असतं. भार तोच राहिल्याने ती कमी दाबावर जास्त अँपिअर ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं.

रोधाचं गणित दुखणं कुठे आहे तेही सांगतं. वायरमनने डीपीवर आणि शेवटच्या घरी एकाच वेळी व्होल्ट मोजावेत, टाँग टेस्टरने अँपिअर बघावेत. फरक ५६ आणि प्रवाह २० असेल, तर रोध २.८ येतो, तार ठीक आहे, लाइन लांब आहे. हाच रोध ४ आला, तर कुठेतरी सांधा खराब आहे. कोकणच्या पावसात सांधे गंजतात. जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये मीटर आणि बोर्ड पाण्याखाली गेले होते. अशा टर्मिनलवर गंज चढतोच. सांध्यात अर्धा ओहम रोध आणि २० अँपिअर प्रवाह असेल, तर त्या एकाच जागी २०० वॅट उष्णता तयार होते. आग तिथूनच लागते.

लांब लाइनवर इलाज म्हणजे ११ हजार व्होल्टची लाइन वाडीजवळ आणून तिथे छोटी डीपी बसवणं. वाडीची तीच साधारण साडेतीन हजार वॅट शक्ती (१७४ व्होल्ट गुणिले २० अँपिअर) त्या दाबाला अँपिअरच्या एक तृतीयांशाहूनही कमी प्रवाहात येते. याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याची जलविद्युत टाटांनी १९२७ पासून उच्च दाबानेच मुंबईकडे नेली, ती याच कारणाने.

म्हणून ग्रामपंचायतीच्या तक्रार अर्जात ‘लाइट कमी येते’ एवढंच लिहून थांबू नये. तारीख, वेळ, दोन ठिकाणचे व्होल्ट, अँपिअर आणि त्यातून निघालेला रोध लिहावा. सांधा बदलायचा की डीपी मागायची, हे त्या आकड्यावरच ठरतं, आणि तो आकडा वाडीतल्या दहावीच्या मुलीलाही काढता येतो.