दुसऱ्याचं गाणं, लिंडाचा गळा

मागच्या कार्यक्रमात आम्ही लिंडा रॉन्स्टॅट या अमेरिकन गायिकेचं एक गाणं लावलं होतं. बोलता बोलता सांगून गेलो, की तिची गाजलेली गाणी तिनं लिहिलेली नाहीत, आणि त्यातली बरीचशी तिच्याआधी दुसऱ्यांनी गायलेली आहेत. कार्यक्रम संपतो न संपतो तोच एका ताईंचा फोन. ‘मग त्यात तिचं असं काय?’ प्रश्न आम्हाला आवडला. आज त्याच्यावरच बोलू.

आपल्याकडे हा प्रश्न सहसा पडत नाही. लताबाईंनी, आशाबाईंनी गाणी लिहिली नाहीत म्हणून त्यांना कुणी कमी लेखलं नाही. गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गाणारी वेगळी, हे आपण धरूनच चालतो. अमेरिकेत मात्र बॉब डिलन आणि बीटल्स यांच्यानंतर हवा बदलली. खरा कलावंत तो, जो आपलं गाणं आपण लिहितो, असं लोक मानू लागले. जोनी मिशेल, कॅरोल किंग या बायका स्वतःची गाणी लिहीत होत्या आणि गात होत्या. अशा काळात लिंडा दुसऱ्यांची गाणी घेऊन उभी राहिली. तिची गाणी कंट्री-रॉक, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यातलं गिटार-फिडलचं गाणं आणि शहरी रॉकचा ठेका, दोन्ही एकत्र.

डिसेंबर 1976 मध्ये तिच्या निवडक लोकप्रिय गाण्यांची रेकॉर्ड निघाली. नाव साधंच, ‘ग्रेटेस्ट हिट्स’. अशी रेकॉर्ड म्हणजे कंपनीचा हमखास धंदा. नवं काही ध्वनिमुद्रित करायचं नाही, गाजलेलं गोळा करायचं. यातली काही गाणी तर तिच्या आधीच्या कंपनीकडची होती. लिंडा तेव्हा अवघी 30 वर्षांची. एकूण 12 गाणी, आणि बाराही दुसऱ्यांनी लिहिलेली. त्याच वर्षी तिनं एक-दोन गाण्यांच्या लेखनाला हात लावला होता, पण ती यात नाहीत. एकट्या अमेरिकेत या रेकॉर्डच्या 70 लाखांवर प्रती खपल्या.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. यातलं ‘डिफरंट ड्रम’ घ्या. हे लिहिलं माइक नेस्मिथ या पुरुषानं. त्यात एक मुलगा मुलीला सांगतो, की तू म्हणतेस तसं मला बांधून घेता येणार नाही, आपले रस्ते वेगळे. असं सांगणारे मुलगे जगात कमी नाहीत, नवल ते काय! लिंडानं आपल्या ‘स्टोन पोनीज’ या गटाबरोबर 1967 साली ते गायलं, तेव्हा मुलगीच्या जागी मुलगा केला. बस, एवढाच बदल. पण आता एक विशी-एकविशीची मुलगी मुलाला सांगते आहे, की तुझ्यात खोट नाही, मलाच एवढ्यात कुणाशी जखडून घ्यायचं नाही. त्या काळात मुलीच्या तोंडून हे रेडिओवर ऐकणं म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. गंमत म्हणजे लिंडाला स्वतःला ते ध्वनिमुद्रण पसंत नव्हतं. तिला साधी गिटारची साथ हवी होती, निर्मात्यानं व्हायोलिनांचा ताफा आणून बसवला. गाणं तरीही गाजलं, आणि आमच्या मते तिच्या ठाम आवाजानंच गाजलं.

जात्यावरच्या ओव्या आठवा. ओवी सगळ्या गावाची, पण दळणारी तिच्यात आपल्या भावाचं, आपल्या लेकीचं नाव घालते आणि ती तिची होते. लिंडाचं काम याच्या जवळचं आहे.

‘व्हेन विल आय बी लव्ह्ड’ हे गाणं एव्हर्ली ब्रदर्स या दोघा भावांचं, 1960 चं, त्यातल्या फिल एव्हर्लीनं लिहिलेलं. त्यांचं गाणं दुःखाचा पाढा हळूहळू वाचत जातं आणि फसवणुकीचं कडवं सगळ्यात शेवटी येतं. लिंडानं ते शेवटचं कडवं उचलून पहिलं केलं. गाणं सुरू होतं तेच फसवलं गेल्याच्या तक्रारीनं, मोकळ्या गळ्यानं, मागे सोबतीचे आवाज. भावांच्या तोंडची कुरकुर इथे जाब विचारणं होते. 1975 मध्ये हे गाणं अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

‘यू आर नो गुड’ त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर होतं. 1963 साली डी डी वॉरविक आणि बेटी एव्हरेट या दोन कृष्णवर्णीय गायिकांनी ते आधी गायलेलं. त्यांची नावं मुद्दाम घेतो, कारण गाजलेल्या गाण्याखाली आधीचे गळे झाकले जातात. लिंडा सुरुवात खालच्या, दाबलेल्या आवाजात करते, जणू घरातलं कुणी ऐकेल. मग आवाज चढत जातो. राग एकदम फुटत नाही, साठत येतो. राग गिळलेल्या बाईला हे ओळखीचं वाटेल.

‘डेस्पराडो’ हे ईगल्सचं. त्यातले डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय 1971 मध्ये लिंडाच्याच साथीला वाजवत होते, नंतर त्यांनी आपला गट काढला. त्यांचं ते गाणं तेव्हा घरोघरी पोचलेलं नव्हतं. लिंडानं ते 1973 मध्येच गायलं आणि त्याला आणखी ऐकणारे मिळाले. आणि दुसऱ्याचं गाणं गायलं म्हणजे ते फुकट उचललं असं नसतं बरं का. विकल्या गेलेल्या दर रेकॉर्डमागे गाणं लिहिणाऱ्याला त्याचा हक्काचा वाटा मिळतो. 70 लाख रेकॉर्डी म्हणजे बारा गाण्यांच्या लेखकांच्या घरी किती गेलं असेल, हिशेब तुम्हीच करा.

ही निवड तिला कुठून जमली? लिंडा मेक्सिकोच्या सीमेजवळच्या टूसॉन गावात 1946 मध्ये जन्मली. वडिलांच्या घराण्यात मेक्सिकन रक्त, घरात स्पॅनिश गाणी. दुसऱ्याचं गाणं आपलं म्हणून गाणं तिथे रोजचंच होतं. पुढे 1987 मध्ये तिनं ती जुनी मेक्सिकन गाणीच रेकॉर्डवर आणली, नाव ठेवलं ‘कान्सिओनेस दे मी पाद्रे’, माझ्या वडिलांची गाणी. इंग्रजी गाण्यांवर नाव कमावलेल्या बाईनं स्पॅनिशमध्ये गायचं, हा धाडसाचा सौदा होता. रेकॉर्ड लाखोंनी खपली.

2013 मध्ये तिनं जाहीर केलं, की आजारानं आपला गळा गेला, आता एक गाणंही म्हणता येत नाही. मेंदूचा आजार होता.

फोन करणाऱ्या ताईंसाठी आज आम्ही ‘व्हेन विल आय बी लव्ह्ड’ दोनदा लावतो आहोत. आधी त्या दोघा भावांचं, मग लगेच लिंडाचं. पहिलं कडवं नीट ऐका, आणि काय वाटलं ते फोनवर कळवा.