दार गेलं की छप्पर गेलं: फ्लोरिडात गॅरेजचं दार बदलताना

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल तर हे लेखी रूप वाचा, पाच-सहा मिनिटांत होईल. आजचा विषय ऐकून माझ्या बहिणीने पुण्याहून मेसेज केला, "गॅरेजच्या दारावर अख्खा एपिसोड? खरंच?" तर हो, खरंच. कारण मी स्वतः या दारावर जवळजवळ मोठी चूक करून बसलो होतो.

मी फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतो, सारासोटाच्या जवळ. घर १९९८ सालचं, घेतलं २०२१ मध्ये. घर बघताना आपण काय बघतो? किचन, बाथरूम, शाळा, कम्यूट. गॅरेजच्या दाराकडे मी एकदाच बघितलं, ते रिमोट चालतो का एवढ्यासाठी.

मग २८ सप्टेंबर २०२२ ला इयान आलं. आमच्या दक्षिणेला, कायो कोस्टा बेटावर, ताशी सुमारे १५० मैल वाऱ्याने. आम्हाला त्याची फक्त कड लागली. तरी त्या रात्री गॅरेजचं दार श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होत होतं. मी हात लावून बघितलं, तर पत्रा चक्क थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनहून मामाचा फोन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ त्यांच्याच भागात जमिनीवर आलं होतं, त्यामुळे या विषयात मामाला बोलायचा अधिकार आहे. मी दाराचं सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे, आमच्याकडे मागचं दार गेलं आणि मग कौलं उडाली. आधी दार, मग छप्पर. दार गेलं की छप्पर गेलं." तेव्हा मी हसलो. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की मामाने एका वाक्यात सगळं सांगून टाकलं होतं.

नेमकं होतं काय?

मुंबईच्या पावसात छत्री उलटी झालेली सगळ्यांनी बघितली आहे. वारा वरून जाताना छत्री टिकते. आत शिरला की काड्या बाहेर. घराचंही तसंच. वारा छपरावरून जातो तेव्हा छपराला वर ओढत असतो. ही ओढ सोसायची तयारी छपरात असते. पण गॅरेजचं दार फुटलं की वारा आत घुसतो आणि आतून वर ढकलायला लागतो. बाहेरून ओढ, आतून धक्का. दोन्ही एकत्र आले की छपराचे प्लायवूडचे तक्ते सुटायला लागतात.

आणि दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार म्हणजे घराची सगळ्यात मोठी उघडी बाजू. १६ फूट रुंद, ७ फूट उंच, म्हणजे ११२ चौरस फूट. मध्ये एकही खांब नाही. पातळ पत्र्याच्या चार-पाच पट्ट्या, बिजागऱ्यांनी जोडलेल्या, बाजूच्या ट्रॅकमध्ये छोट्या रोलरवर उभ्या.

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू हे कॅटेगरी ५ चं वादळ मायामीच्या दक्षिणेला आदळलं. २५ हजारांहून जास्त घरं पूर्ण उद्ध्वस्त झाली. नंतर इंजिनिअर पाहणीला गेले तेव्हा हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसला: दार आत दुमडलेलं, वर छप्पर नाही. त्यानंतर दक्षिण फ्लोरिडाचे नियम कडक झाले आणि १ मार्च २००२ पासून पूर्ण राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला. म्हणून तुमचा पहिला प्रश्न हा: घर २००२ च्या आधीचं आहे का, आणि दार कधी बदललंय? माझं उत्तर होतं: आधीचं, आणि कधीच नाही.

एक गैरसमज इथेच मोडू. "वादळात थोडी खिडकी उघडी ठेवा, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होतो." हे चूक आहे. खिडकी उघडणं म्हणजे वाऱ्याला आपणच आत बोलावणं. सगळं बंद ठेवायचं.

दारावरचा आकडा

वादळासाठी बनवलेल्या दाराच्या आतल्या बाजूला एक लेबल असतं. त्यावर दाबाचे दोन आकडे असतात, प्रत्येक चौरस फुटाला किती पौंड. माझ्या घराला लागणारे आकडे होते अधिक ३६ आणि उणे ४०. अधिक म्हणजे वारा दार आत ढकलतो तेव्हा. उणे म्हणजे वारा बाजूने वळून जाताना दार बाहेर ओढतो तेव्हा. हो, दार बाहेरच्या बाजूलाही जाऊ शकतं.

आता गुणाकार करा. ११२ गुणिले ४०, म्हणजे ४४८० पौंड. दोन टनांच्या वर. एक मोठी एसयूव्ही दाराला लटकल्यासारखं. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट नाही, चौपट होतो.

हा आकडा प्रत्येक घराचा वेगळा. समुद्र किती जवळ, समोर मोकळं मैदान की घरं, दार केवढं, यावर ठरतो. त्यामुळे दुकानदार "हरिकेन डोअर आहे साहेब" एवढंच म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारा: आकडा किती, आणि फ्लोरिडा प्रॉडक्ट अप्रूव्हल नंबर काय? मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड काउंटीत नियम सगळ्यात कडक. तिथल्या चाचणीत ९ पौंडांचं लाकडी दांडकं ताशी ३४ मैल वेगाने दारावर मारतात, आणि नंतर आत-बाहेर दाब देऊन दार टिकतं का बघतात. दारात काच हवी असेल, तर किनाऱ्याजवळ तीही आघात सोसणारीच लागते.

माझी जवळजवळ झालेली चूक

मी दोन कोटेशन घेतले. फरक साधारण अकराशे डॉलरचा. स्वस्तवाला म्हणाला, "परमिटची गरज नाही, शनिवारी येतो, दुपारपर्यंत काम खल्लास." मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

दुसऱ्या कंपनीची बाई बघायला आली. तिने दाराकडे बघितलंच नाही. खाली बसली आणि चौकटीच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसला. लोण्यात जावा तसा आत गेला. लाकूड तळाशी कुजलेलं. ती म्हणाली, "दार कितीही भारी घ्या, ट्रॅकचे स्क्रू याच लाकडात जाणार. दार टिकेल, पण चौकटीसकट आत येईल."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपण दार विकत घेत नाही, पूर्ण साखळी घेतो. पट्ट्यांमागच्या आडव्या लोखंडी स्ट्रट, जास्त बिजागऱ्या, लांब दांड्याचे रोलर, जाड ट्रॅक, नवी लाकडी चौकट आणि ती भिंतीत धरून ठेवणारे अँकर. वाऱ्याचा धक्का पट्टीपासून भिंतीपर्यंत पोचला पाहिजे. मध्ये एक कडी कच्ची असली की बाकी सगळं फुकट.

परमिट यासाठीच असतं. इन्स्पेक्टर येतो, लेबल बघतो, मंजूर ड्रॉइंगशी स्क्रूंची जागा आणि संख्या ताडून बघतो. माझ्याकडे त्याने स्क्रू मोजले. अक्षरशः मोजले.

अजून तीन गोष्टी पटकन. एक, नवं दार जड असतं, त्यामुळे स्प्रिंग नवीन लागते आणि कधी कधी मोटरही. ती स्प्रिंग व्हिडिओ बघून स्वतः बदलू नका. तिच्यात इतका ताण असतो की हात मोडतो, जीवही जाऊ शकतो. दोन, काही दारांना वादळाआधी उभे खांब लावावे लागतात. तुमचं तसं असेल तर ते खांब कुठे ठेवलेत हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. तीन, विम्याच्या सवलतीसाठी इन्स्पेक्शन होतं तेव्हा सगळी दारं-खिडक्या एकत्र धरतात. सगळ्या खिडक्या भारी आणि गॅरेजचं दार साधं, तर त्या रकान्यात मार्क कमी.

आणि माझा मूर्खपणाही ऐका. राज्याची 'माय सेफ फ्लोरिडा होम' योजना आहे. पात्र घरमालकाच्या एका डॉलरमागे राज्य दोन डॉलर देतं, कमाल १० हजारांपर्यंत. पण आधी त्यांचं मोफत इन्स्पेक्शन, मग मंजुरी, मग काम. मी आधी काम केलं, मग वाचलं. तुम्ही उलट करा. निधी संपला की थांबावं लागतं, म्हणून लवकर बघा.

मग पुढे काय झालं?

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन सिएस्टा की बेटावर आलं, म्हणजे जवळपास आमच्या दारात. आम्ही घरी नव्हतो. आमचा भाग रिकामा करायचा आदेश होता आणि आम्ही ऑर्लँडोला मित्राकडे होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण वाऱ्याचं दार पाणी अडवत नाही. दोनच आठवडे आधी हेलेनने याच किनाऱ्यावरच्या बेटांवर समुद्राचं पाणी घरात घातलं होतं. दार मजबूत आहे म्हणून घरी थांबायचं नाही. निघा म्हटलं की निघायचं.

परत आलो तेव्हा कुंपण आडवं, छपराचे काही शिंगल गायब. गॅरेजच्या दाराला मधोमध एक पोचा, बहुतेक कुंपणाचीच फळी लागली असावी. दार जागेवर. गल्लीच्या टोकाला मात्र एका घराचं दार आत दुमडलं होतं, आणि वर छपराचा कोपरा उघडा, निळी ताडपत्री टाकलेली. एका गल्लीवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण मी तिथे उभा राहिलो आणि मामाला फोन लावला.

तर मंडळी, फ्लोरिडा, टेक्सास, कॅरोलायनात घर घेत असाल तर गॅरेजमध्ये जा, आतून दार लावा आणि लेबल शोधा. मग चौकटीच्या तळाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मोसम १ जूनला सुरू होतो, तेव्हा सगळ्यांनाच दार हवं असतं. काम हिवाळ्यात उरका. आणि कोकणातल्यांनो, तुमचं मागचं दार आणि त्याची कडी पावसाआधी एकदा बघून घ्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!